चष्मा खिशात ठेवणारे सर

सरांच्या हातातला माईक मी इतक्या हळूच काढून घेतला, की समोर बसलेल्यांना वाटलं असेल, सरांनीच तो माझ्याकडे दिला. त्यांनी दिला नव्हता. ते बोलता बोलता थांबले होते आणि त्यांचं थांबणं मला सहन झालं नाही. माझी चूक ती एवढीच. एका ओळीत मावते. पण तेव्हापासून ती मला एका जागी बसू देत नाही. वर्गात उत्तर देताना कुणी शब्दासाठी अडलं, की माझा हात आपोआप पुढे जातो आणि मी तो मागे घेतो. मुलांना वाटतं सरांना काहीतरी सवय आहे.

आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे, मी मराठी. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, म्हणून मला अरे-तुरे करायचे. त्यांच्या खिशात कायम वाळू असायची. स्टाफरूममध्ये त्यांनी रुमाल बाहेर काढला की टेबलावर वाळू सांडायची आणि शिपाई कपाळाला हात लावायचा. बसलेले सर मला आठवतच नाहीत. चहासुद्धा ते खिडकी आणि दार यांच्यामध्ये फेऱ्या मारत प्यायचे, आणि प्रत्येक फेरीत कुणाला तरी काहीतरी समजावून सांगायचे. गळ्यावर वस्तरा असताना त्यांनी न्हाव्याला माशाचे कल्ले कसे चालतात ते समजावलेलं आहे. हात हलवू नका म्हणून न्हावी गयावया करत होता.

त्या न्हाव्यानेच एकदा त्यांना विचारलं, "सरानू, तुमी डाक्टर होतलात म्हणतत. मगे दवाखानो खंय घालतलात?"

सर खूश झाले. असा प्रश्न म्हणजे त्यांना पंगतीचं आमंत्रण. "दवाखानो नाय रे. जगात कोणाकच म्हायत नाय अशी एक गोष्ट शोधूची. बारकीशी असली तरी चलात. आणि ती खरी कशावरना, ता दाखवूचा. ती म्हणजे पीएचडी."

"आणि मगे ती कोणाक सांगूची?"

अर्धी दाढी साबणात असलेले सर उठून उभे राहिले म्हणे. संध्याकाळी मला म्हणाले, "हो प्रश्न माका माझ्या गाइडान पण इचारूक नाय."

समजावून झालं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आता तू माका सांग." मग ऐकणाऱ्याने तीच गोष्ट त्यांना आपल्या शब्दांत सांगायची. जमली नाही तर दोष ऐकणाऱ्याचा नसे. "म्हणजे माझाच चुकला," असं म्हणून ते पहिल्यापासून सुरुवात करायचे. त्यांच्या तावडीत सापडलेली माणसं या दुसऱ्या फेरीला घाबरून पहिल्याच फेरीत नीट ऐकायची.

आणि चष्मा. समोरच्याला न समजणारा एखादा जड शब्द तोंडात आला, की सर मध्येच थांबत, चष्मा काढत आणि खिशात ठेवत. सोपा शब्द सापडेपर्यंत चष्मा डोळ्यांवर चढवायचा नाही, हा त्यांचा नियम. मी विचारलं तर म्हणाले, "ज्याका आपला बोलणा समाजना नाय, तेका कसा दिसता ता आपणाकय दिसाक होया." चष्म्याशिवाय त्यांना हातभरापलीकडचं धुरकट दिसे. एकदा असाच शब्द शोधत ते मालवणच्या स्टँडवर गेले आणि देवबागच्या गाडीऐवजी आचऱ्याच्या गाडीत बसले. तिकीट काढतानाही त्यांच्या लक्षात आलं नाही. आचऱ्याहून मला फोन आला. मी म्हटलं, "सर, काय झालं?" तर पलीकडून आनंदाने, "गावलो रे! शब्द गावलो!" घरी परत कसे येणार आहात, असं मी विचारेपर्यंत फोन बंद.

मला ते नेहमी विचारायचे, "तुझा खंयपर्यंत इला?" मीही पीएचडीला नाव नोंदवलं होतं. विषय चांगला होता. प्रस्तावनेची तीन-चार पानं लिहून झाली होती आणि ती तशीच होती. मी म्हणायचो, चाललंय. त्यावर सर दोन फेऱ्या जास्त मारायचे.

त्यांचा विषय होता तिसऱ्या, खाडीच्या वाळूतले खायचे शिंपले. देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. सुकतीला पाणी ओसरलं की बाया खाडीत उतरतात आणि पायाने, हाताने चाचपत वाळूतून तिसऱ्या काढतात. सर त्यांच्यात लुंगी खोचून उभे. बाजारात जाण्याआधी प्रत्येक बाई आपली टोपली त्यांच्यापुढे ओतायची, ते तिसऱ्या मापायचे आणि परत टोपलीत भरून द्यायचे. हे वर्षानुवर्षं चाललं. बायांनी त्यांची थट्टा सोडली नव्हती.

"सर, कालची तिसरी आज जाडी झाली काय वो?"

"ह्येका जावय करून घ्या गो कोणीतरी, निदान घरातले तरी मापीत."

त्यांच्यातली म्होरकी इंदूकाकी. आवाज असा, की पलीकडच्या काठावरची होडी वळावी. ती म्हणायची, "सर, आमचे तिसरे मापून मापून झिजले. काय गावला ता आमका कधी सांगतलात?"

"सांगतलंय. पयला तुमका सांगतलंय."

हे वचन त्यांनी एकदा नाही, प्रत्येक टोपली परत देताना दिलं होतं. त्यांना काय सापडलं ते मी सांगू शकतो, कारण माझ्याकडून त्यांनी ते कितीतरी वेळा वदवून घेतलं होतं. तिसरी स्वतः फार हलत नाही. पण तिची पिल्लं आधी डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक असतात, पाण्यात तरंगत भरती-सुकतीबरोबर फिरतात आणि वाळू मानवली की तिथे बसतात. खाडीच्या तोंडाजवळ मोठ्या तिसऱ्यांचा एक पट्टा होता. सगळ्या खाडीत पिल्लं जायची ती बरीचशी तिथून. तेवढा पट्टा वीण होईपर्यंत सोडला, आणि अगदी लहान तिसऱ्या परत वाळूत टाकल्या, तर पुढच्या वर्षी बाकीच्या जागा पुन्हा भरत राहतील. फायदा कुणाचा, तर ज्या टोपल्या ओतत होत्या त्यांचाच. पट्टा सोडायचा की नाही हे ठरवणारं दुसरं कुणी नव्हतं. बायांना पटलं तरच ते होणार होतं.

अडचण एका शब्दाची होती. त्या तरंगणाऱ्या बारीक जिवाला पुस्तकात अळी म्हणतात. "अळी म्हटलंय तर संपला," सर म्हणायचे. "उद्या बाजारात बोभाटो होतलो, देवबागच्या तिसऱ्यांत अळ्ये पडले. कोण घेतलो?" आणि पिल्लू म्हटलं तर बायांच्या डोळ्यांपुढे शिंपल्यातली लहान तिसरी येणार, पाण्यात तरंगणारं काहीतरी येणारच नाही. प्रबंध लिहून झाला, मुंबईला जाऊन तोंडी परीक्षा झाली, नावामागे डॉक्टर लागलं, तरी हा शब्द त्यांना मिळाला नव्हता.

सत्कार देवबागच्या लोकांनीच ठेवला. खाडीकाठच्या देवळासमोर मंडप, दुपार कलती. सूत्रसंचालन माझ्याकडे. आमच्या भागात असा कार्यक्रम असला की मला बोलावतातच. मी मसुऱ्याचा. आमच्याकडे काका गाऱ्हाणं घालायचे आणि लहानपणापासून ऐकून मलाही ते येतं. देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी त्याची विनोदी नक्कल करायचो. लग्नात, स्नेहसंमेलनात, निवृत्तीच्या निरोपात. लोक त्याची वाट पाहत.

मंडपात शिरताना सरांनी माझा दंड धरला. "आज मी अडाकलंय तर माका अडाकाक दी. मधी येव नको."

"नाही येणार सर."

पाहुण्यांची भाषणं लांबली. सर उभे राहिले तेव्हा बाया मागच्या बाजूला घोळक्याने उभ्या होत्या, काहींच्या हातात टोपल्या तशाच. सरांनी सुरुवात छान केली. पाहुण्यांकडे पाठ करून थेट बायांशी बोलायला लागले. इंदूकाकीची टोपली, भरती, सुकती, मोठ्या तिसऱ्यांचा पट्टा. मंडप गप्प झाला. गावात होमस्टे चालवणारी पोरंसुद्धा फोन खाली घेऊन ऐकत होती. मग ते त्या जागी आले आणि थांबले. चष्मा काढला. खिशात ठेवला.

थांबण्याचा अर्थ त्या मंडपात फक्त मला माहीत होता. बाकीच्यांना दिसत होता एक म्हातारा होऊ लागलेला माणूस, माईक धरून डोळे बारीक करून हवेत बघणारा. कुणीतरी खोकलं. खुर्ची करकरली. मागे कुणी हसल्यासारखं झालं. आणि मी पुढे झालो.

"बा देवा म्हाराजा!"

सवयीनेच उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकरान वर्सानुवर्सां खाडयेत उभ्यान रवान तिसरे मापल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिसऱ्यांची जल्मतारीख गावली, पण आता बोलाक शब्द गावना नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर जो काय शब्द खाडयेत पडलो आसात, तो भरतीवांगडा वर काढ, आणि सरांका नि आमका चायपर्यंत सुखरूप पोचय म्हाराजा!"

शेवटचा "व्हय म्हाराजा" खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. लोक उठले, हसत हसत चहाकडे निघाले. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. सर खुर्चीत बसले होते. मी म्हटलं ना, बसलेले सर मला आठवत नाहीत, तर तेवढे एकदा आठवतात. चष्मा त्यांनी घातलेला नव्हता. कोण हसतंय हे त्यांना दिसलं नसेल, नुसतं ऐकू आलं असेल.

इंदूकाकी वाट काढत आली. "सर, ता आमचा काय ता ऱ्हवला मां?"

"मगे सांगतंय," सर म्हणाले.

त्यांना ते नंतरही सांगता आलं नाही. माझ्या गाऱ्हाण्याचं चित्रण कुणीतरी फोनवर केलं होतं आणि रात्र व्हायच्या आत ते घराघरात गेलं. पुढे सर खाडीवर गेले आणि तोंड उघडलं, की बायांमधली कुणीतरी आधी "व्हय म्हाराजा" म्हणायची आणि सगळ्या खिदळायच्या. त्यात दुष्टावा नव्हता. सरही पहिल्यांदा हसायचे. मग मासळी बाजारात तेच, एसटीत तेच, कॉलेजच्या जिन्यावर पोरांच्या तोंडी तेच. न्हाव्याच्या दुकानात सर गुपचूप दाढी करून घेऊ लागले. स्टाफरूममधल्या फेऱ्या चालू राहिल्या, पण मुक्या. आणि चष्मा कायम नाकावर. तो नाकावर असण्याचा अर्थही तिथे फक्त मलाच कळत होता.

मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. निवृत्त झाले, तारकर्लीला आपल्या माडांच्या बागेत राहायला गेले. मी समोरून येताना दिसलो तर बरं आहे का विचारायचे. मी थांबायचो नाही. घाई आहे असं दाखवून निघून जायचो आणि मग उगाच बाजाराला वळसा घालून येत बसायचो.

बाजारात देवबागच्या तिसऱ्या लहान लहान यायला लागल्या. बायकोने एकदा उकडून शिंपले उघडले आणि म्हणाली, "यात खायचं काय, शिंपला?" हे माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. खाडीत आणखी शंभर भानगडी आहेत, आणि पुराव्याशिवाय असं बोललेलं सरांना चाललं नसतं. पण बायांना ते ऐकायला मिळालं असतं, मग त्यांनी मानलं असतं किंवा नसतं. आता न मानण्याचीही संधी त्यांना नव्हती.

यंदा कॉलेजने कार्यक्रम ठेवला. संशोधन करणाऱ्या मुलांनी आपलं काम गावातल्या लोकांना साध्या भाषेत सांगायचं. संचालन अर्थात माझ्याकडे. एक मुलगी काजूच्या बोंडांवर बोलत होती, बोलता बोलता अडली. माझा हात माईककडे गेलेला मी पाहिला. या वेळी तो मागे घेतला. तिने शब्द शोधला, पुढे बोलली, टाळ्या मिळाल्या. कार्यक्रम संपताच मी तडक तारकर्लीला गेलो.

सर बागेत झावळ्या ओढत होते. मी फाटकातूनच म्हटलं, "सर, माफी मागायला आलोय."

"कसली?"

"त्या सत्काराच्या प्रसंगी माझ्याकडून अनवधानाने जो औचित्यभंग..."

त्यांनी हात पुढे केला. "चष्मो दी."

मला कळायला वेळ लागला. मग मी माझा जाड भिंगांचा चष्मा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो आपल्या खिशात टाकला. वाळूत गेला असणार.

"हां. आता सांग."

"मी माईक घेतला. तुम्ही नको सांगितलं होतंत तरी घेतला."

"कित्याक?"

"कार्यक्रम लांबत होता. लोक कंटाळले—"

"लोक गप होते. माका दिसा नसला तरी ऐकाक येता." ते माडाभोवती फिरून पुन्हा समोर आले. "कित्याक?"

खरं कारण मला माहीत होतं, पण ते कधी शब्दांत धरलं नव्हतं. सरांनी घाई केली नाही. माझ्या जागी ते असते तर मी आतापर्यंत मध्ये पडलो असतो.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले. "माका सांगून तसो फायदो पण नाय. सुकती आसा. चल."

रस्त्यावर त्यांनी रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने त्यांना पाहताच हसून सलाम ठोकला, "काय सरानू, व्हय म्हाराजा!" सर माझ्याकडे वळले नाहीत. देवबागच्या अरुंद रस्त्यावर, दोन्हीकडे धुरकट हिरवं सरकत असताना, अचानक म्हणाले, "शब्द माका गावलो होतो."

"कधी?"

"थयच. माइकार. तू 'बा देवा' म्हटलंस, तेवाच. तरवो."

मी मसुऱ्याचा, तरवा काढून कंबर मोडलेला. भाताची रोपं आधी एका वाफ्यात दाट उगवतात, तो तरवा. त्यातून उपटून बाकीच्या सगळ्या शेतात लावतात. तरवा कुणी गुरांना घालत नाही, कुणी तुडवत नाही, कारण तो गेला तर कुणाच्याच शेतात काही उरत नाही. देवबागच्या निम्म्या बाया आतल्या गावांतून लग्न होऊन आलेल्या, माहेरी लावणी केलेल्या. तोंडाजवळचा पट्टा म्हणजे तरव्याचा वाफा, आणि लावणी करणारं पाणी. एका शब्दात त्यांना सगळं कळलं असतं.

"मग नंतर का नाही सांगितलंत?"

"कोणाक सांगू? मी तोंड उघडलंय की गाऱ्हाना सुरू."

खाडीकाठी उतरलो. चष्म्याशिवाय मला नुसते रंगांचे ठिपके दिसत होते, हिरवे, जांभळे, ओले. ठिपक्यांतून इंदूकाकीचा आवाज आला.

"सर कितक्या दिसांनी! आणि ह्यो कोण? गो, गाऱ्हान्यावालो मास्तर!"

"घाला मास्तर गाऱ्हाना!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या एकदम.

मी वाळूत पुढे झालो. तोंड उघडलं, आणि शब्द नव्हता. अनवधान होतं, औचित्य होतं, दिलगिरी होती. बोलायला एकही नाही. पाण्याचा आवाज येत होता. कुणीतरी फिस्सकन हसली.

"गप गो," इंदूकाकी म्हणाली. "तो काय तरी शोधता. बघूया."

त्या थांबल्या. मी कधी कुणासाठी थांबलो नव्हतो, तेवढ्या थांबल्या. सर माझ्यामागे कुठेतरी होते, फेऱ्या न मारता. मग मी बोललो.

"मी गाऱ्हाना घालूक नाय इलंय. माफी मागूक इलंय. त्या दिवशी सर तुमका तुमच्या तिसऱ्यांचा सांगी होते. तुमी गप ऱ्हवान ऐकी होतात. माझा ऐकान लोक हसतत, पण असे गप कधी ऱ्हवले नाय. माझी पीएचडी अर्धीच पडली, सरांची झाली. माका तेंचो हेवो वाटलो. म्हणान मी तेंचो माईक घेतलंय आणि तुमका हसयलंय. तुमची गोष्ट तुमच्यापर्यंत येत होती, ती मी मधीच अडवलंय. माझा चुकला, काकी. सगळ्यांनू, माझा चुकला. सर, आता तुमी सांगा."